खोक्यातले बूट आणि हिमालय

मंडळी, आज डोकं फिरलंय नुसतं!

पुढच्या आठवड्यात मी आणि नवरा हिमालयात ट्रेकला निघतोय. सपाट नेदरलँड्समध्ये चढ कुठून आणणार? म्हणून महिनाभर मी आमच्या बिल्डिंगचे जिने चढतेय आणि तो त्याच्या ऑफिसचे. गाइडने बजावलं होतं, नवे बूट आत्तापासून वापरा, नाहीतर पहिल्याच दिवशी पायाला फोड येतील.

आज सामान भरताना त्याचे बूट खोक्यात सापडले. आत कागदाचे बोळे तसेच!

"अरे, मग जिने कशात चढलास?"

"जुन्या बुटांत. ऑफिसला जाता-येता चिखलात नवे कशाला खराब करायचे?"

आत्ता ते बूट घालायला लावून त्याला भांडी घासायला उभं केलंय. मघाशी विचारतो, "पाणी उडतंय गं, काढू का?"

तुमच्याही घरी आहे का हो असा नमुना? आमचा तर बर्फातही बूट हातात घेऊन चालणार!