भुयारी गटारातले डास

जनू भोईर रोज बदलापूर गावातून उल्हासनगरला यायचा आणि आल्याबरोबर जमिनीखाली जायचा. लष्करी छावणी असताना बांधलेल्या भुयारी गटारांत उतरून भिंतींवर डासांसाठी डीडीटीची पावडर मारायची, ही त्याची नोकरी. वर बराकींतून सिंधी निर्वासित राहत. पहिल्या वर्षी डासांचा असा खच पडला की लोकांनी त्याला बोलावून पापड खाऊ घातले.

छप्पन साली पापड बंद झाले. डास पांढऱ्या भिंतीवर निवांत बसत आणि संध्याकाळी वर जाऊन माणसांना चावत. तक्रारी आल्या तसे मलेरिया खात्याचे निरीक्षक गुरुदत्त प्रधान आले. जनू पावडर बाहेर विकतो आणि गटारात चुना मारतो, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. आठ दिवसांत खुलासा द्या, असा कागद त्यांनी त्याच्या हातात ठेवला.

जनूला लिहिता येत नव्हतं. घरी बायकोनं, ठमाबाईनं, विचारलं, आता काय करणार? त्यानं लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या मागितल्या.

सोमवारी बरण्या घेऊन तो कचेरीत हजर झाला. बरण्यांच्या तोंडाला फडकी बांधलेली. एकीत त्याच्या गोठ्यातले डास, दुसरीत गटारातले. साहेबांनी आपल्या कुलपातली पावडर आपल्या हातानं दोन्हींत टाकावी, एवढंच त्याचं म्हणणं. प्रधानांनी टाकली आणि ते फायली बघत बसले.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत गोठ्यातले सगळे उताणे पडले. गटारातले काचेला धरून बसले होते. प्रधानांनी बरणी हलवली तर ते उडाले.

"यांना तू खायला काय घालतोस?"

"मी काय घालणार, साहेब? तीन वर्षं खात्याचीच पावडर घालतोय. मरायचे ते पहिल्या वर्षीच मेले. नाय मेले, त्यांचीच ही पोरं."

प्रधानांनी कागद परत मागून फाडला. माफी मागितली नाही, पण जनूला समोर बसायला खुर्ची दिली. तो बसला नाही.

गटारातल्या डासांची बरणी मुंबईला खात्याच्या मुख्य कचेरीत गेली. दोन महिन्यांनी उत्तर आलं, दुप्पट मारा. जनूनं दुप्पट मारली. डासांनी तीही चालवून घेतली. शेवटी प्रधानांनी सिमेंट मिळवलं, आणि जनूनं महिनाभर गटारांच्या झाकणांच्या फटी आणि भेगा बुजवल्या. डास खालीच राहिले. बराकीतली माणसं मच्छरदाणीशिवाय झोपू लागली.

जनूला मात्र नव्या भेगा पडल्यात का ते बघायला अजून खाली उतरावं लागे. तिथले डास त्याला चावत. इतकी वर्षं आपण यांच्यात काढली, तरी ओळख दाखवत नाहीत, याचं त्याला थोडं वाईट वाटे.