आप्पांच्या कुरणातला रविवार

वाईट काम करणारा माणूस विचार करून करतो, म्हणून त्याच्याकडे सांगण्यासारखं फारसं नसतं. चांगलं काम करायला निघालेल्यांकडे मात्र किश्शांचा ढीग! आमच्या मेहकरच्या मॉर्निंग वॉक ग्रुपकडे तर एकाच रविवारचे इतके आहेत, की चहाला बसलं की कुणीतरी एक काढतोच. सगळे हसतात.

जानेफळच्या पुढं आप्पांची मोठी शेती आहे. त्यातला एक तुकडा त्यांनी कधी नांगरलाच नाही, गवतासाठी आणि पाखरांसाठी ठेवला. आता गुडघे गेले आणि कुरणात घाणेरीची झुडपं माजली. आम्ही म्हटलं, "आप्पा, श्रमदान करू!" मे महिन्यातला रविवार ठरला.

* * *

सहाला पोचायचं होतं, साडेआठला पोचलो. बॅनर आणायचा राहिला होता ना!

बॅनर बांधला तर 'निसर्ग वाचवा'मधला 'निसर्ग' लिंबाच्या फांदीमागं गेला. फोटोत नुसतं 'वाचवा'! कुणीतरी फांदी छाटली.

आप्पा काठी टेकत आले. "कोनतं झाड वाचवायचं हाय, तेवढं आंधीच सांगा. बाकीच्यायले मी सांगून ठेवतो."

* * *

वानखडे मॅडमनी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. एका कडेला वाळक्या काटक्या रोवलेल्या दिसल्या. "मेलेलं सगळं काढा!" मॅडमची ऑर्डर. सातही उपटल्या.

आप्पांनी एक उचलली, नखानं साल खरवडली. आत हिरवंगार! सलईच्या फांद्या होत्या, मागच्याच महिन्यात लावलेल्या.

"मेलं नोतं मॅडम. झोपलं होतं."

मॅडमनी त्या परत रोवल्या. एकही जगली नाही.

* * *

मीही मागं नव्हतो. एका ओघळीत दगडी बांध घालायचं मी अंगावर घेतलं. वरच्या अंगाला दगडांची आयती रास दिसली. तीन तास वाहिले, कंबरेचा काटा ढिला झाला, पण बांध असा देखणा, की मीच त्याच्यासोबत सेल्फी काढला!

आप्पा वर गेले, बराच वेळ बघत राहिले. "भाऊ, वरती माह्या वडलायनं घातलेला बांध होता."

"मग?"

"मंग काय? आता पानी वरून धावत येईन अन् तुमच्या बांधाले भेटीन."

पहिल्याच मोठ्या पावसात भेटलं. बांध राहिला नाही.

* * *

दुपारी वावधान सुटलं आणि आमचे प्लास्टिकचे ग्लास कुरणभर पांगले. तासभर सगळे त्यांच्या मागं. त्या दिवसाचं आमचं एकच काम पक्कं झालं: आमचाच कचरा वेचणं!

* * *

गजूभाऊंचं कापडाचं दुकान आहे. दिवसभर बोलणारा माणूस. त्या दिवशी मात्र खरं काम त्यांनीच केलं. घाणेरीची एक अख्खी जाळी एकट्यानं साफ केली. शेवटचं झुडूप ओढलं आणि पायाखालून तित्तर फडफडत उडाली.

खाली गवतात सहा अंडी.

आम्ही आप्पांना बोलावलं. ते वाकले, हात लावला नाही.

गजूभाऊ म्हणाले, "आप्पा, येईन ना ती परत? तिले दिसतीन ना?"

"तिले तं दिसतीन," आप्पा म्हणाले. "पन आता सगळ्यायलेच दिसतात."

बाभळीवर दोन कावळे येऊन बसले होते.

आम्ही फांद्या आणून टाकल्या, पण ऊन आरपार जात होतं. सहा वाजले. सामान गाडीत भरलं. गजूभाऊ दूर एका दगडावर बसलेले, डोक्यावर दुपट्टा, मुठीत खडे.

मी हाक मारली, "भाऊ, चला! गाडी निघून राह्यली!"

त्यांनी मान वळवली नाही.

"तुम्ही व्हा पुढं. ती येऊन बसली का येतो मी."