थोरल्या मामांची विमानविद्या

उभ्या मुळशी तालुक्यात विमानाच्या पायलटची कीव करणारा एकच माणूस होऊन गेला, तो म्हणजे आमचे थोरले मामा. उरवड्याच्या एका कारखान्याची कामगारांची बस त्यांनी जन्मभर चालवली. लांबचा प्रवास म्हटला की मधे कुठेतरी उतरायचं, टायरवर एक लाथ हाणून बघायची, चहा घ्यायचा आणि मगच पुढे निघायचं, हे त्यांच्या रक्तातच होतं. त्यांची एकुलती एक लेक वैशाली लग्न होऊन टोरांटोला गेली. मुंबईपासून तिथवर साडेबारा हजार किलोमीटर, मधे एकदा विमान बदलून वीसेक तास, असं मी सांगितलं तेव्हा मामांनी आधी पायलटचीच चौकशी केली. "आन् त्यो बाबा च्या कुटं पितो?"

जाताना विमानाला वेळ जास्त लागतो आणि येताना कमी, हे कळल्यावर तर त्यांना जराही नवल वाटलं नाही. "चढ आसंल. ताम्हिणीत न्हाई का, वर जाताना गाडी कशी कण्हतीया!" वर वाऱ्याचा जोर असतो आणि जाताना तो समोरून येतो, असं मी समजावायला गेलो, तर म्हणाले, "वाऱ्यानं गाडी आडली आसती, तर मी आर्धी नोकरी घरी बसून केली आसती."

नात झाली तेव्हा मामा-मामी एकदा तिकडे जाऊन आले. सगळं विमान घोरत होतं, पण हे ताठ बसून. मागची माणसं झोपली की ड्रायव्हरलाही पेंग येते, हा त्यांचा सिद्धांत. परत येताना मुंबईला उतरल्यावर दाराशी उभ्या असलेल्या गोऱ्या पायलटचा हात हातात घेऊन ते म्हणाले, "ब्रेक झ्याक हायेत तुमचे." तो गोड हसला. मामी मात्र भुकूमला घरी पोचेपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पुढे पिरंगुटच्या चौकात गाड्या तुंबल्या की मामा खिडकीतून आजूबाजूच्यांना ऐकवत, "येवढ्या येळात आमी समिंदर वलांडला हुता!"

गेल्या हिवाळ्यात मामांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी बोलावून घ्या म्हटल्यावर वैशाली मिळेल त्या विमानानं निघाली. मी उशाशी फोन घेऊन बसलो होतो. दर थोड्या वेळानं मामा डोळे उघडत. "कुटवर आली?" नकाशावर सरकणारं विमान बघून मी सांगायचो, वाळवंटावर आहे, आता समुद्रावर आहे, आता उतरली. ती मुंबईहून मोटारीनं निघाली म्हटल्यावर ते क्षीण आवाजात म्हणाले, "खंडाळ्याला सावकास आन म्हनावं. लोकं लई वंगाळ चालवत्यात."

दुपारी वैशाली दारात आली. बॅग तशीच टाकून त्यांच्याजवळ बसली. मामांनी तिचं मनगट धरलं, चेहरा नीट न्याहाळला आणि विचारलं, "परत कदी निगायचंय?"

"परतीचं तिकीटच काढलं न्हाई, आप्पा," ती म्हणाली.

मामींनी आमटीभात आणला, तेव्हा मामांनी उठवून बसवायला सांगितलं. कित्येक दिवसांनी ते लेकीच्या हातून चार घास जेवले.