जादा पाटे

हेंद्रेपाड्याचा हिरामण जुन्या अँबॅसिडरमधून उल्हासनगरचे कापडाचे गठ्ठे वाहायचा. वजनाने गाडी मागून दबायला लागली, तेव्हा त्याने मागच्या स्प्रिंगमध्ये पोलादी पट्ट्यांचे दोन जादा पाटे घालून घेतले.

"रिकामी असली की लई उडंल हां," मिस्त्री म्हणाला.

"रिकामी फिरवतोय कोण?"

श्रावणी सोमवारी तो आईला, गयाबाईला, कबूल केल्याप्रमाणे अंबरनाथच्या शिवमंदिरात घेऊन गेला. प्रत्येक खड्ड्याला म्हातारी कंबर धरून कळवळली. घरी उतरताना म्हणाली, "तुझी गाडी मालाची रे बाबा, माणसाची न्हाय."

दुसऱ्याच दिवशी त्याने जादा पाटे काढले. "आई, आता चल."

"नको. मी इथूनच हात जोडते."

ती पुन्हा कधीच गाडीत बसली नाही. गठ्ठ्यांनी गाडी परत दबली, पण आई गेल्यावरही हिरामणने ते पाटे घातले नाहीत.