सर्व्हरला झेंडूची माळ

खारी गावातल्या त्या कॉम्प्युटर क्लासच्या शेठचा मला आजही राग येतो. घरची मिठागराची जमीन बिल्डरला विकून त्यानं क्लास काढला होता. कॉम्प्युटर आठ, पण एकातही डिस्क नाही, फ्लॉपीची फटसुद्धा नाही. पोरं प्रोग्रॅम चोरून नेतील ही भीती. बटण दाबलं की ते खोकं केबलमधून काचेच्या केबिनमधल्या सर्व्हरकडे हात पसरायचं. तिथून सगळं आलं तरच जागं व्हायचं. मी खपून लिहिलेला, औषधांचा साठा सांभाळणारा प्रोग्रॅमही त्याच केबिनमध्ये. किल्ली शेठच्या खिशात.

तो प्रोग्रॅम बघायला अंधेरीच्या एका औषध कंपनीचे साहेब येणार होते. आवडला तर नोकरी पक्की. बाबांची कंपनी बंद पडलेली. सगळं घर त्या नोकरीकडे डोळे लावून बसलं होतं. साहेबांना सवड मिळाली ती नेमकी खंडेनवमीला. क्लास चालू आहे ना, हे मी शेठला आदल्या दिवशी विचारूनही ठेवलं होतं.

साहेब शेजारी बसले. मी एका औषधाचं नाव टाकलं आणि स्क्रीन गोठली. बाकीची खोकीही गोठली. केबिनकडे बघते तर शेठनं सर्व्हरचा प्लग काढलेला, आणि स्वारी त्याला झेंडूची माळ घालतेय.

"शेठ, आधी चालू करा!"

"आज हत्यार चालवाचा न्हाय, बाय. उद्या दसऱ्याला करू."

"क्लास चालू आहे म्हणालात ना?"

"चालूच हाय की! तुमच्या कॉम्प्युटरांना कुठं हात लावलाय?"

स्वतःच क्लास काढलेल्या या माणसाला एवढंही ठाऊक नव्हतं की आमच्या खोक्यांत स्वतःचा असा जीवच नाही. मी हात जोडले, अक्षरशः गयावया केली. त्यानं केबिनला कुलूप लावलं.

"तुमची सिस्टीम भरवशाची दिसत नाही," म्हणत साहेब उठले. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड! त्यांना मालाडला आणखी एक मुलगा बघायचा होता. नोकरी त्यालाच मिळाली.

ते गेल्यावर शेठ पेढ्यांचं ताट घेऊन आला. मी हात मागे घेतला.

"परसादाला न्हाय म्हणू नको, देव रागावल."

"देवाचं मला माहीत नाही, शेठ. मी रागावलेय."

घरी आईनं वाटीत साखर काढून ठेवली होती. माझ्याकडे बघून तिनं ती परत डब्यात ओतली.