मोहाखाली मी नापास

दोस्तांनो, आज सकाळी एटापल्लीकडं गाडीवर उगाच फिरून राह्यलो होतो. एका गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली एक बाई पदर खोचून फुलं वेचत होत्या अन् बगलेत पेपरचा गठ्ठा! गावच्या शाळेच्या मास्तरीणबाई निघाल्या.

चौथीची परीक्षा होती अन् चार पोरी झाडाखालून हलत नव्हत्या.

"बाई, मी आली तं बकऱ्या मोह खातीन. माय मारते मले," त्यातली सुनी म्हणे.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "भाऊ, तुले काही काम आहे का?"

"नाई, फिरून राह्यलो."

"मंग बस इथी. चार पोरींची चार झाडं, दोन घंटे. बकरी आली का हाकल."

नववीत शाळेतून पळालेला मी शाळेसाठी बसलो! पण वर एक धनेश पक्षी आला. असली मोठी चोच! फोटो काढत काढत पार नाल्यापर्यंत गेलो. परत आलो तं सुनीच्या झाडाखाली सात बकऱ्या जेवून राह्यल्या होत्या.

सुनी पेपर देऊन आली, जमीन पाहिली अन् रडायलाच लागली. बाईंनी माझ्या हातात टोपली दिली. "पोरी पास होतीन, तू नापास. शाळेमागच्या झाडाचा मोह वेच अन् तिची टोपली भर."

दुपार झाली, कंबर गेली, टोपली भरली.

उद्या गणित आहे. बाई म्हणाल्या, "फेरपरीक्षेले बसशील ना?"

मी कुठीच दोन दिवस टिकत नाई, पण आज इथीच थांबलो. बकऱ्या लांब ठेवायची युक्ती कोणाले माहीत आहे? लवकर सांगा, पेपर सकाळी सातले आहे.