गायब झालेलं शेवटचं प्रकरण

बेळगावच्या जुन्या पुस्तकवाल्यानं मला फसवलं. यंदा चोवीस पुस्तकं वाचायची ठरवली होती, जूनअखेर पंधरा झालीसुद्धा! सगळ्यांत रटाळ निघाली एक जाडजूड कादंबरी. तिचा नायक खिडकीतून उठतच नाही. सगळ्यांत आवडली समुद्रात भरकटलेल्या भावाबहिणीची गोष्ट. निपाणीत तंबाखूचं पोतं मी मधोमध हात घालून पारखतो, तसंच हे पुस्तक मधूनच उघडून बघितलं आणि घासाघीस करून घेतलं. काल होडी बुडायला लागली आणि पानंच संपली! अनुक्रमणिकेतलं शेवटचं प्रकरण आत नव्हतंच. आज तडक त्या पुस्तकवाल्याचं दुकान गाठलं.

"अण्णा, भाव पाडताना शेवट बघायचा न्हाय व्हय?" तो हसला.

"हसतोस काय? ती पोरगी वाचली का बुडाली, ते आधी सांग!"